धुण्याचा दगड

"यादी? कसली यादी?" आत्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

मी फोन पुढे केला. दोन दिवस, अकरा जागा, प्रत्येकीसमोर वेळ. सातखणी मनोरा, सेंट झेवियरचं चॅपल, तटाची फेरी, चौलचं रामेश्वर, राजकोट, हमामखाना, हिंगुळजा, दत्ताचा डोंगर, कोर्लईचा किल्ला, सिनेगॉग, निकितीनचं स्मारक. तिने बोट धरून वरून खाली वाचलं, मग खालून वर.

"यात मी कुठाय?"

"तू म्हणजे मुक्काम," मी म्हणालो आणि जीभ चावली.

"बरं. म्हणजे मी लॉज. नाश्ता धरून की वगळून?"

रेवदंड्याची आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा माहेरी जायचं म्हणजे रेवसपर्यंत एस.टी., तिथून लाँचने भाऊचा धक्का, असा सगळा दिवस मोडायचा. मी गेटवेहून मांडव्याला तासाभरात उतरलो होतो, आणि तरी सहा वर्षांनी आलो होतो. मार्गशीर्षातली पौर्णिमा दोन दिवसांवर होती. चौलच्या दत्ताच्या यात्रेला मुंबई-पनवेलकडची मंडळी गावी येतात, घराघरांत अंथरुणं कमी पडतात. मी मात्र सुट्टी यात्रेसाठी घेतली नव्हती, शहरासाठी घेतली होती. जे शहर आता नाही, त्यासाठी.

"आत्या, तू कुठे राहतेस याची तुला कल्पना आहे का?"

"पंचावन्न वर्षं राहतेय. पिनकोडसकट पाठ आहे."

"तसं नाही गं. मुंबईचं नाव कुणाच्या गावी नव्हतं, तेव्हा चौलचं नाव अलेक्झांड्रियात ठाऊक होतं. दुसऱ्या शतकात टॉलेमीने सिमिल्ला म्हणून नोंदलंय. त्याच्याही आधीच्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणनंतरचं बंदर हेच. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या दात्यांचे लेख आहेत. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे खणलं तेव्हा सातवाहनांच्या काळापर्यंत पोचले."

"आम्ही चंपावती म्हणतो. आणि रेवदंड्याला रेवतीक्षेत्र. तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती म्हणतात."

"ती दंतकथा झाली."

"आणि तुझा टॉलेमी आला होता इथे?"

नव्हता आला. दर्यावर्दी लोकांच्या ऐकीव माहितीवर त्याने अलेक्झांड्रियात बसून अक्षांश-रेखांश मांडले. मी गप्प बसलो, पण फार वेळ नाही, कारण अल् मसूदी मात्र खरंच आला होता. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, सुमारे ९१६ साली. त्याने या गावाला सैमूर म्हटलंय. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले हजारो मुसलमान इथे घरं करून राहत होते, आणि इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना 'बयासिरा' असं वेगळं नावही पडलं होतं, असं तो लिहितो.

"हे आवडलं," आत्या म्हणाली. "म्हणजे माल उतरवला आणि गेले असं नाही. बारशी झाली इथे."

आमच्यातला फरक पहिल्या तासातच असा उघडा पडला. मला बंदर दिसत होतं, तिला बारसं. मी मनोऱ्याची उंची सांगायला जावं, तर ती विचारणार, तो बांधणाऱ्या गवंड्याला जेवायला कोण घालत होतं. हा प्रश्न बावळट नाही हे मला कळतं. पण दर वेळी तोच प्रश्न विचारून बाकी सगळं वाऱ्यावर सोडणं ही एक सोयही असते, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

दुपारी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी झाल्यावर मी निकितीन काढला. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १४७० च्या आसपास विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. पोर्तुगीज अजून हिंदुस्थानात यायचे होते. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, आणि त्याच्यावर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोविएत मंडळींबरोबर 'परदेसी' नावाचा चित्रपट काढला होता, त्यात नर्गिस होती. आत्याला नर्गिस माहीत होती, घोडा माहीत नव्हता.

"गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे मागे फिरायचे, असं त्याने लिहिलंय."

"आताही फिरतात. पुढे?"

"इथून पालीपर्यंत आठ दिवस लागले त्याला."

"शनिवारी निघालास तर तुलाही लागतील."

"पुढे जुन्नरला तिथल्या असदखानाने घोडा अडकवून ठेवला. धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, म्हणाला."

आत्या हातातला अडकित्ता थांबवून बघत राहिली. "मग? मिळाला का घोडा?"

"मिळाला. खुरासानच्या एका भल्या मुसलमानाने रदबदली केली. पुढे बीदरकडे विकला तो."

"आणि हा पोचला का घरी?"

"नाही. परतीच्या वाटेवर, त्वेर गाठायच्या आधीच वारला. टिपणं तेवढी पोचली."

तिने सुपारी कातरायला घेतली. "त्याच्या बायकोने टिपणांचं काय केलं असेल?"

याला उत्तर नव्हतं. त्याला बायको होती की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सातखणी पाहायला निघालो. आत्या बरोबर आली, गुडघे धरत. ज्यांनी रेवदंडा पाहिलेला नाही त्यांना हे सांगायला हवं की इथे किल्ला 'पाहायला' जाता येत नाही, कारण गावच किल्ल्यात आहे. अलिबागहून येणारा रस्ता तट फोडून आत शिरतो, एस.टी. शिरते, दुधाची गाडी शिरते. १५१६ मध्ये पोर्तुगिजांना निजामशहाकडून वखारीची परवानगी मिळाली, १५२१ ला तटाचं काम सुरू झालं, आणि १७४० मध्ये हे ठाणं मराठ्यांच्या हाती आलं तोवर आत चर्च, मठ, इस्पितळ, तुरुंग असं अख्खं शहर होतं. आता त्या जागी नारळ आणि पोफळी आहेत. आगरकोट हे किल्ल्याचं दुसरं नाव उगीच नाही. झावळ्यांतून वर बघावं तर अचानक एक कमान निघते, तिच्यावर वडाची मुळं, खाली कुणाचा तरी पंप. सातखणीचे वरचे खण केव्हाच ढासळले. सेंट बार्बराच्या चर्चचा हा मनोरा, आता नुसता एकटा, वाडीतल्या चुकार म्हाताऱ्यासारखा उभा.

"किती वाईट अवस्था," मी म्हणालो.

"मी आले तेव्हाही अशीच होती."

"अशीच नव्हती. तुला रोज बघून कळत नाही. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले. आपल्या जिल्ह्यातले दोन, रायगड आणि खांदेरी. रेवदंड्याचं नाव कुणी घेतलं का?"

"ते मराठ्यांचे किल्ले होते. हा फिरंग्यांचा. आपला झाल्यावर आपण त्यात नारळ लावले."

"तेच म्हणतोय मी. हे नीट जपायला हवं. आखून, साफ करून, पाट्या लावून."

"आणि आम्ही?"

"तुम्ही काय?"

"तुझ्या बापानेच मला मागे वाचून दाखवलं होतं. केंद्राचं संरक्षित स्मारक असलं की भोवती शंभर मीटर बांधकाम बंद, पुढचे दोनशे मीटर परवानगी काढून. बरोबर?"

"बरोबर."

"शंभर मीटर मोजायचे कुठून? बाहेरून की आतून? किल्ला आमच्याभोवती आहे रे. आम्ही पोटात आहोत. न्हाणीघराचा पत्रा बदलायला मी दिल्लीला अर्ज करू?"

पत्रा बदलणं वेगळं आणि इमला चढवणं वेगळं, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पटल्याची नव्हे, ऐकल्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर दात घासताना मला तो दगड दिसला. लहानपणी दर मे महिन्यात त्याच्यावर बसून मी आंबे खाल्लेत, पण तेव्हा नजर आंब्यावर. सव्वा हात रुंद, दोन हात लांब, वरचा पृष्ठभाग साबण आणि मनगटांनी गुळगुळीत झालेला. हा काळ्या कातळाचा नव्हता. आणि कडेला, जिथे निळीचं पाणी सुकून थर धरला होता, तिथे नखाने खरवडल्यावर एक वळसा निघाला. पानाचा. मग दुसरं पान. द्राक्षाच्या वेलीसारखी नक्षी, दगडाच्या कडेने खाली जमिनीत जाणारी.

"आत्या! हा दगड कुठला?"

"धुण्याचा."

"तसं नाही, आला कुठून?"

"सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचा. वाडीत पडला होता, उचलून आणला असेल. इथल्या निम्म्या विहिरींवर बघ. पायऱ्या, उंबरे, तुळशीवृंदावनाची बैठक. तीनशे खंडी दगड पडलेला असताना कोण खाणीवर जाईल?"

"हा कुठल्या तरी चर्चच्या चौकटीचा दगड आहे. आणि तुम्ही त्याच्यावर शंभर वर्षं चड्ड्या आपटताय?"

हे मी फार मोठ्याने बोललो. शेजारच्या वाडीतला नारळ पाडणारा माणूस झाडावरून खाली बघायला लागला.

आत्या शांतपणे बादली भरत राहिली. "न आपटता काय झालं असतं त्याचं?"

"संग्रहालयात गेला असता."

"गेला असता, आणि तिथे मागच्या अंगणात एका कोपऱ्यात पडला असता, अंगावर नंबर घालून. मी बघितलीत रे संग्रहालयं. चांगलं ते आत, बाकीचं पावसात. इथे त्याला निदान रोज कुणाचा तरी हात लागतो."

"हात लागूनच झिजला ना!"

"मग माझी पाठ कशाने झिजली?"

अशा वेळी वाद जिंकता येत नाही. पण मला जिंकायचा होता, म्हणून मी यात्रेला जाताना विषय फिरवून आणला. रिक्षात बसल्या बसल्या तिला सांगितलं, की जुनं चौल आटत गेलं त्याची कारणं आहेत. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे गेली. रेशमी कापडासाठी नावाजलेल्या चौलचे विणकर तिकडे सरकले, आणि त्यांना वसवायला इंग्रजांनी मुंबईत गल्ली आखून दिली. बंदर, कारागीर, व्यापारी, सगळं हळूहळू खाडीपलीकडे गेलं.

"म्हणजे मुंबई आमच्या माणसांनी वसवली."

"काही अंशी."

"आणि आता ती शुक्रवारी रात्री परत येते, वडखळला अडकते आणि इथे येऊन वाडीचा भाव विचारते. चक्र पुरं झालं."

ती हसली, पण भाव विचारण्याची गोष्ट हसण्यावारी नव्हती, हे मला संध्याकाळी कळलं.

डोंगराच्या पायऱ्या चढण्याचा प्रश्न नव्हता. आत्याने खालूनच हात जोडले. पायथ्याला पाळणे, खेळणी, मिठाईचे ढीग, आणि त्या गर्दीत तिला दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवत होतं. "काकू, ओळखलंत का?" ती ओळखायची. कुणाची नात, कुणाचा धाकटा, कोण कळव्याला गेला, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं जुळलं. मी बाजूला उभा राहून फुटाणे खात होतो. अकरापैकी सहाव्या जागेची वेळ टळून गेली होती.

"हे बघ," ती एकदा वळून म्हणाली, "हे तुझं चौल. दगडं बघून झाली असतील तर इकडे बघ."

"हे लोक तीन दिवसांनी परत जातील, आत्या. दगड इथेच राहतील."

"दगड राहिले असते तर तुझा मनोरा सात मजली असता."

घरी परतताना तिने मला एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी इस्रायलहून एक बाई आली होती, सिनेगॉगजवळ आजोबांचं घर शोधत. बेने इस्रायल समाज या किनाऱ्यावर शतकानुशतकं होता. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, ही त्यांची कथा. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं गावांची: चेऊलकर, किहिमकर, नवगावकर, पेणकर. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले, आणि तिथेही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. "तिची मराठी माझ्या सासूबाईंसारखी होती," आत्या म्हणाली. "आपण टाकून दिलेले शब्द. सिनेगॉगात पाचेक मिनिटं असेल. घराचा पत्ताच नव्हता, तिथे दुसरं बांधलेलं. मग माझ्याकडे विहिरीवर येऊन बसली. दोन तास. तिच्या आजीच्या मलिद्याचं सांगत होती, आमच्या पोह्यांचं विचारत होती. बघायला आली होती घर, आणि बसली माणसाशी."

"घर असतं तर घराशी बसली असती. नव्हतं म्हणून तुझ्याशी बसली."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं.

माझ्या हाती कोर्लई होतं, ते मी तेव्हाच वापरलं. साळावच्या पुलापलीकडे, कुंडलिकेच्या मुखावर, कोर्लईच्या डोंगराखाली एक ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले ते परत आले नाहीत. शाळा नाही, छापील पुस्तक नाही, राजा नाही. तरी त्या वस्तीत पोर्तुगिजाची एक मराठी वळणाची बोली घराघरांत टिकली. 'नौ लिंग' म्हणतात तिला, म्हणजे आपली भाषा. जेमतेम हजारभर माणसं, आणि जगभरातले भाषाशास्त्रज्ञ तिथे येऊन गेलेत.

"बघ की!" आत्या एकदम खुलली. "तेच तर मी म्हणतेय. तुझा चिरेबंदी मनोरा पडला आणि बायकांच्या तोंडची बोली राहिली."

"राहिली, कारण वस्ती एकत्र राहिली. आता पोरं मराठी शाळेत जातात, नोकरीला मुंबईला जातात. माणसं उठली की बोलीही उठणार. तू माणसांवर सगळा भार टाकतेस, आत्या. पण माणसं इथे राहणार आहेत का? तुझी तरी?"

हे मला बोलायचं नव्हतं. आतेभाऊ ऐरोलीला राहतो. वाडी विकायचं त्याच्या मनात आहे, हे त्याने मला फोनवर सांगितलं होतं, आणि आईला अजून सांगू नकोस असंही.

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. "तलाठ्याकडे सातबारा काढायला गेला होता. या गावात गोष्ट लपते काय?"

"मग?"

"मग काय. पोफळीला आता माणूस मिळत नाही चढायला. त्याचं चुकत नाही."

"घेणारा बंगला बांधेल. विहीर बुजवून तरणतलाव करेल. आणि तो दगड?"

"तो दगड," ती म्हणाली, आणि पुढे घरापर्यंत बोलली नाही.

रात्री आतेभाऊ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होताच आत्याने त्याला पहार आणायला सांगितली. का, ते सांगितलं नाही. आम्ही दोघांनी मिळून तो दगड उलथला. वाटला त्याच्या दुप्पट जड निघाला. खालून एक बेडूक उडी मारून अळवात गेला. खालच्या बाजूला वेल पूर्ण होती, एकही पान झिजलेलं नाही, फक्त मातीने काळवंडलेली. मध्ये एक घोस. अक्षर कुठेच नव्हतं. मी ब्रशने माती काढत होतो आणि माझे हात थरथरत होते, हे मी कबूल करतो. आतेभाऊ फोटो काढत होता. आत्या पायरीवर बसून बघत होती. पंचावन्न वर्षं ज्याच्यावर धुणं धुतलं त्याचं तोंड ती पहिल्यांदा बघत होती.

"छान केलंय," ती म्हणाली. "कुणी केलं असेल? फिरंग्याने की इथल्याने?"

"इथल्याच पाथरवटाने केलं असणार. नमुना त्यांचा, हात आपला."

"त्याला द्राक्षं माहीत असतील?"

हा प्रश्न मला तीन दिवसांतला सगळ्यात चांगला वाटला. मी पुन्हा वाकून पाहिलं. पानं द्राक्षाची असतीलही, नसतीलही. पोफळीच्या बुंध्यावर नागवेल चढते, तिच्या पानासारखीही ती दिसत होती.

"मग घेऊन जा," आत्या म्हणाली.

"काय?"

"दगड. वाडी गेली तर तो जाईल म्हणतोस ना? तुला त्याची किंमत कळते. तुझ्या इमारतीला लिफ्ट आहे."

मी हसलो. ती हसत नव्हती. मी म्हणालो, असं उचलून नेता येत नाही, वस्तू जिथली तिथे राहायला हवी, जागेवरून हलवली की तिचा अर्धा अर्थ जातो, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्याचं काय करणार.

"जागेवरून हलवली की अर्धा अर्थ जातो," आत्याने माझंच वाक्य सावकाश म्हणून पाहिलं, आणि ते आतेभावाला ऐकू गेलं की नाही, हे तिने त्याच्याकडे बघून ठरवलं. तो फोनमध्ये होता. किंवा फोनमध्ये असल्यासारखा होता.

"मी पुरातत्त्ववाल्यांना पत्र लिहितो," मी म्हणालो. "फोटो आहेत. नोंद तरी होईल."

"लिही. आणि तोवर?"

"तोवर नक्षी वर ठेवा."

"नक्षीवर कपडे घासले तर फाटतात रे."

शेवटी दगड होता तसा, वेल खाली घालून ठेवला. मी बेडकासाठी थोडी जागा ठेवायला सांगितली, आतेभावाने ती ठेवली. साडेदहाची एस.टी. होती. आत्याने माझा आदल्या दिवशीचा टॉवेल आणि दोन शर्ट त्यावर घेतले, साबण लावला आणि आपटायला लागली. वाळायला वेळ नव्हता, म्हणून ओलेच पिशवीत भरून दिले. वर केळीच्या पानात बांधलेली सुपारी आणि चार नारळ. यादीतल्या पाच जागा राहिल्या होत्या. रामेश्वर, राजकोट, हमामखाना, हिंगुळजा आणि कोर्लई.

एस.टी. तटातून बाहेर पडली तेव्हा पिशवीतून पाणी गळायला लागलं होतं.